राष्ट्रगीताच्या वेळी गप्प उभा राहिलेला विद्यार्थी: उत्तर गोव्यातील एका हायस्कूलचे प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यातील एका तालुक्यात, हमरस्त्यापासून बरेच आत, स्थानिक शिक्षण संस्थेने चालवलेले एक अनुदानित हायस्कूल आहे. माध्यम इंग्रजी असले तरी येथील बहुतेक मुले आसपासच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळांतून चौथी करून आलेली असतात. घरात कोकणी, वाचायला मराठी वर्तमानपत्र आणि परीक्षेला इंग्रजी, असा या भागाचा जो भाषाव्यवहार आहे तोच शाळेच्या सकाळच्या प्रार्थनेतही उतरलेला आहे. आधी सरस्वतीची प्रार्थना, नंतर प्रतिज्ञा, जिची भाषा वाराप्रमाणे बदलते, मग बातम्या व सुविचार आणि शेवटी राष्ट्रगीत, हा क्रम वर्षानुवर्षे चालत आला होता. तो कोणी ठरवला आणि का ठरवला, हे कोणाला विचारावेसे वाटले नव्हते.

मी दुसऱ्या तालुक्यातील निवृत्त मुख्याध्यापक. संस्थेच्या विनंतीवरून व्यवस्थापन समितीच्या तीन बैठकांना निमंत्रित म्हणून बसलो होतो. पुढील मजकूर त्या बैठका, शाळेची टिपणे आणि संबंधितांशी झालेली बोलणी यांवर आधारलेला आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून गाव आणि वर्ष दिलेले नाही आणि काही किरकोळ तपशील बदलले आहेत.

ज्या मुलाभोवती हे प्रकरण घडले तो त्या वर्षी जूनमध्ये आठवीत नव्याने दाखल झाला. वडील औषधांच्या कारखान्यात पाळीवर काम करणारे, आई घरी शिवणकाम करणारी. कुटुंब यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे होते. राष्ट्रगीत सुरू असताना आदराने उभे राहावे, पण ते गाऊ नये आणि प्रतिज्ञाही म्हणू नये, कारण निष्ठेची अशी शपथ फक्त देवालाच वाहता येते, ही या पंथाची श्रद्धा आहे. प्रवेशाच्या दिवशी आईने हे वर्गशिक्षिकेला तोंडी सांगितले होते. वर्गशिक्षिकेने "बरं" म्हटले आणि ते कुठेही लिहून ठेवले नाही.

प्रश्न कसा उभा राहिला

जून-जुलैच्या पावसात या शाळेची प्रार्थना अंगणात होत नाही. मुले आपापल्या वर्गात उभी राहतात आणि ध्वनिक्षेपकावरून सूचना येतात. व्हरांड्याच्या पत्र्यांवर पाऊस कोसळत असताना राष्ट्रगीताच्या बावन्न सेकंदांपैकी निम्मे ऐकूही येत नाही. हा मुलगा त्या दोन महिन्यांत रोज गप्प उभा राहिला. वर्गातल्या चाळीस मुलांना ते दिसत होते, वर्गशिक्षिकेला दिसत होते, आणि कोणाचे काही बिघडले नव्हते. सरस्वतीच्या प्रार्थनेलाही तो गप्पच असे. त्याचा उल्लेख मात्र पुढच्या सगळ्या गदारोळात एकदाही झाला नाही, हे नमूद करण्याजोगे आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २८ प्रमाणे सरकारी अनुदान घेणाऱ्या शाळेला कोणत्याही अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धार्मिक उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. म्हणजे कायद्याच्या काट्यावर तोलले तर शाळेची अडचण झालीच असती तर ती प्रार्थनेवरून व्हायला हवी होती.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पावसाने उघडीप दिली आणि पंधरा ऑगस्टची तालीम अंगणात सुरू झाली. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी रांगा आखल्या, आणि कोण तोंड उघडत नाही हे पाहण्यासाठी दहावीच्या मॉनिटरांना रांगांमधून फिरायला सांगितले. प्रतिज्ञेला उजवे हात एका रेषेत पुढे आले, तेव्हा आठवीच्या रांगेत एक फट दिसली. मुलगा टाचा जुळवून, दोन्ही हात मांड्यांना चिकटवून, मान सरळ ठेवून उभा होता. ओठ मिटलेले होते. त्याला बाहेर बोलावून ध्वजस्तंभाच्या पायरीवर, सगळ्या शाळेकडे तोंड करून उभे करण्यात आले. असे तीन दिवस झाले.

तिसऱ्या दिवशी मुलीला सोडायला आलेल्या एका पालकाने फाटकातून मोबाईलवर हे दृश्य टिपले. रात्रीपर्यंत ते माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर फिरले आणि पायरीवर शिक्षा म्हणून उभा केलेला मुलगा "राष्ट्रगीताचा अपमान करणारा" ठरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रामपंचायतीचे एक सदस्य, म्हणजे पंच, आणि आठ-दहा तरुण मुख्याध्यापिकांच्या कार्यालयात निवेदन घेऊन आले. मुलाला दाखला देऊन काढावे, अशी त्यांची मागणी होती.

येथे शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांची बाजू मांडणे आवश्यक आहे, कारण बाहेर त्यांची गणना नुसत्या हट्टी माणसात झाली आणि ते न्याय्य नव्हते. त्यांचे आजोबा गोवा मुक्तिलढ्यातील सत्याग्रही. तिरंगा हातात घेतला म्हणून पोर्तुगीज पोलिसांचा मार खाऊन आग्वादच्या तुरुंगात राहिलेले. ज्या घरात झेंडा लपवून ठेवावा लागत होता, त्या घरातल्या नातवाला राष्ट्रगीताच्या वेळी मिटलेले ओठ पाहून काय वाटले असेल, हे समजण्यासारखे आहे. बैठकीत त्यांनी हे फार आवाज न चढवता सांगितले, आणि त्यानंतर काही क्षण कोणालाच बोलता आले नाही.

या विधींचा इतिहास

समितीतील एका सदस्याने, जे पेशाने वकील आहेत, पहिल्याच बैठकीत हा प्रश्न नवा नसल्याचे सांगितले. जुलै १९८५ मध्ये केरळमधील किडंगूर येथील एका शाळेतून याच पंथाच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गाण्यावरून काढण्यात आले. ती मुलेही आदराने उभी राहत होती, त्यांच्या आधी त्यांची थोरली भावंडेही त्याच शाळेत तशीच उभी राहिली होती आणि कोणी हरकत घेतली नव्हती. एका आमदाराच्या नजरेस ते पडले, विधानसभेत प्रश्न आला आणि मुले घरी बसली. उच्च न्यायालयात ती हरली. ऑगस्ट १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात न्यायमूर्ती ओ. चिन्नप्पा रेड्डी यांच्या निकालाने त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही. राष्ट्रसन्मानाचा १९७१ चा कायदा गाणे बंद पाडणाऱ्याला किंवा गाणाऱ्या सभेत गोंधळ घालणाऱ्याला शिक्षा देतो, गप्प उभ्या राहणाऱ्याला नाही. आणि मुलांना काढणे हा अनुच्छेद १९ व २५ खालच्या त्यांच्या हक्कांचा भंग आहे, असा तो निकाल होता. किडंगूर आणि आमचे अंगण यांत एवढेच साम्य मला महत्त्वाचे वाटले की दोन्हीकडे शाळेच्या आत प्रश्न नव्हता, तो बाहेरच्या डोळ्यांनी आत आणला.

प्रतिज्ञेची गोष्ट वेगळी आहे आणि बैठकीत ती जवळजवळ कोणालाच ठाऊक नव्हती. ती पैडिमर्री वेंकट सुब्बाराव या सरकारी कोषागार अधिकाऱ्याने १९६२ साली, चीन युद्धाच्या वर्षी, तेलुगूत लिहिली. पुढच्या वर्षी विशाखापट्टणमच्या एका शाळेत ती म्हटली गेली. एम. सी. छागला केंद्रात शिक्षणमंत्री असताना ती देशभर लागू करण्याचे ठरले आणि २६ जानेवारी १९६५ पासून ती शाळांत आली. म्हणजे गोवा मुक्त झाल्यानंतर तीन वर्षांनी. समितीतील वडीलधाऱ्यांपैकी निम्म्या जणांनी आपल्या लहानपणी ती म्हटलेलीच नव्हती, तरी ती "पूर्वापार" आहे असे सगळे धरून चालले होते.

पसरलेल्या हाताचा मुद्दा इतिहासाच्या शिक्षिकांनी काढला. अमेरिकेतील शाळांची ध्वजप्रतिज्ञा १८९२ साली फ्रान्सिस बेलामी यांनी एका मासिकासाठी लिहिली, आणि ते मासिक शाळांना झेंडेही विकत असे. तिच्याबरोबरचे अभिवादन हात झेंड्याकडे ताणून करायचे होते. युरोपात फॅसिस्टांचा हात तसाच वर जाऊ लागल्यावर ते अडचणीचे झाले आणि १९४२ मध्ये अमेरिकी संसदेने हात छातीवर ठेवण्याचा नियम केला. त्याच देशात १९४० साली सर्वोच्च न्यायालयाने यहोवाच्या साक्षीदारांच्या मुलांना झेंड्याला सलामी द्यायला लावणे आठ विरुद्ध एक मताने योग्य ठरवले, त्यानंतर त्या पंथाच्या लोकांवर ठिकठिकाणी हल्ले झाले, आणि अवघ्या तीन वर्षांत, १९४३ मध्ये, त्याच न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मताने आपला निर्णय फिरवला. देश तेव्हा महायुद्धात होता, ही गोष्ट शिक्षिकांनी दोनदा सांगितली.

त्यावर समितीचे सर्वांत वयस्कर सदस्य, वय ऐंशीच्या आसपास, जे तोवर काठीच्या मुठीवर हनुवटी टेकून बसले होते, ते बोलले. पाकल्यांच्या, म्हणजे पोर्तुगीजांच्या, काळात ते दोन वर्षे पोर्तुगीज शाळेत, त्यांच्या शब्दांत "इश्कोलांत", गेले होते आणि दुपारी गावच्या मराठी शाळेत. सकाळी पोर्तुगालचे राष्ट्रगीत, अर्थ न कळता. तोंड हलले नाही तर हातावर लाकडी पट्टी. दुपारी मराठी शाळेत मास्तर दार लावून घेत आणि तिरंग्याचे गाणे शिकवत. सालाझारच्या राजवटीत १९३६ साली निघालेल्या मोसिदाद पोर्तुगेझा या युवक संघटनेचे अभिवादनही हात ताणूनच असे, याची आठवण इतिहासाच्या शिक्षिकांनी पुस्तकातून दिली आणि त्या वयस्कर सदस्यांनी मान डोलावली. गावोगावच्या खासगी मराठी शाळांचे मास्तर आणि मुक्तिलढा यांचे नाते गोव्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मोहन रानडे मराठीचे शिक्षक म्हणूनच गोव्यात आले, १९५५ मध्ये पकडले गेले, आणि गोवा मुक्त होऊनही १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते.

ही आठवण बैठकीत दोन्ही बाजूंनी वापरली. आपल्याला परक्यांचे गीत गायला लावले, आता आपले गीत आहे तर ते गाण्यात कसला कमीपणा, असे एक बाजू म्हणाली. आपल्याला पट्टीच्या धाकाने गायला लावले, म्हणूनच आपण पट्टी उगारू नये, असे दुसरी म्हणाली. त्या वयस्कर सदस्यांनी कोणाच्याच बाजूने मान हलवली नाही. माझ्या मते त्यांच्या आठवणीतून दोन्ही निष्कर्ष सरळच निघतात, आणि म्हणून इतिहासावर भिस्त ठेवून हा वाद सुटणार नव्हता.

समोर असलेले पर्याय

दाखला देण्याचा पर्याय सर्वांत मोठ्या आवाजात मांडला गेला आणि सर्वांत लवकर बाद झाला. १९८६ चा निकाल बाजूला ठेवला तरी मुलगा आठवीत होता, आणि शिक्षणहक्क कायदा २००९ प्रमाणे प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. त्याच कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. हे वाचून दाखवल्यावर ध्वजस्तंभाच्या पायरीवरचे तीन दिवस हीच शाळेची खरी जोखीम आहे, हे मुख्याध्यापिकांच्या ध्यानात आले. त्यांचा चेहरा त्या वेळी पाहण्यासारखा झाला होता.

प्रकरण शिक्षण खात्याकडे पाठवून उत्तराची वाट पाहावी, असे सचिवांचे मत होते. भागशिक्षणाधिकाऱ्यांना फोन झाला. शाळेने आपल्या पातळीवर शांततेने मिटवावे, असा तोंडी सल्ला मिळाला, जो अशा प्रसंगी नेहमीच मिळतो.

विधी सर्वांसाठीच बदलावा, प्रतिज्ञेला हात पुढे करण्याऐवजी सावधान स्थितीत उभे राहावे म्हणजे फट दिसणारच नाही, अशी सूचना इतिहासाच्या शिक्षिकांनी केली. ती मला आजही पटते. पण एका मुलासाठी चारशे मुलांचे हात खाली आणले, असे गावात म्हटले जाईल या भीतीने तिच्यावर चर्चाच झाली नाही.

उरले दोन मार्ग. मुलाला प्रार्थनेच्या वेळी दुसरीकडे बसवणे, किंवा तो जसा उभा राहतो तसा रांगेत उभा राहू देणे.

निर्णय आणि कृती

पहिल्या बैठकीत पहिला मार्ग निवडला गेला, कारण तो सर्वांना सोयीचा वाटला. मुलाने प्रार्थनेच्या वेळी वाचनालयात बसावे, असे ठरले. पण ग्रंथपालाचे पद रिकामे होते आणि वाचनालयाला कुलूप. त्यामुळे शिपायाने त्याला कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसवले. तो बाक शाळेत सर्वांच्या ओळखीचा आहे. मारामारी केलेली, कॉपी करताना सापडलेली, पालकांना बोलावणे धाडलेली मुले त्यावर बसतात. मुलगा दोन सकाळी तेथे बसला, आणि राष्ट्रगीत सुरू झाले की बाकावरून उठून एकटाच सरळ उभा राहिला, चिऱ्यांच्या भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी आई शिवणाचे कपडे पोहोचवायला जाताना शाळेत डोकावली. तिने त्याला तसे पाहिले आणि ती मुख्याध्यापिकांकडे गेली. "मॅडम, तो उभा राहायला तयार आहे. त्याला बसवलं कोणी?" एवढेच तिने विचारले.

दुसरी बैठक त्याच संध्याकाळी झाली. वकील सदस्यांनी १९८६ च्या निकालाचा मराठी सारांश दोन पानांत लिहून आणला होता आणि तो सगळा वाचून दाखवला. सर्वांत अडलेला प्रश्न पंचांनी विचारला, जे या बैठकीला मुद्दाम बोलावले होते: उद्या दहावीतली पाच टवाळ मुले म्हणाली की आम्हीही गाणार नाही, तर काय करणार? यावर दीड तास गेला. शेवटी जे ठरले ते असे, की शाळेने उभे राहणे आणि शांतता राखणे यांची अपेक्षा सर्वांकडून सारखीच ठेवावी, गायला शिकवावे, गाण्याला उत्तेजन द्यावे, पण कोणाचे ओठ हलतात हे तपासणे बंद करावे. पाच टवाळ मुले बोलत किंवा हसत असतील तर तो गोंधळ आहे आणि त्याची शिक्षा वेगळी. गप्प असतील तर त्यांच्या वर्गशिक्षकांनी त्यांच्याशी बोलावे. मला यात थोडी पळवाट दिसते, पण शाळा चालवणाऱ्याला ती लागते.

मॉनिटरांची फेरी त्या दिवसापासून बंद झाली. चार ओळींची सूचना शिक्षकांना दिली गेली आणि तिच्यावर सर्वांच्या सह्या घेतल्या. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांनी सही केली आणि शेजारी "आदेश म्हणून" असे लिहिले. मुख्याध्यापिकांनी ते खोडायला सांगितले नाही, हे त्यांनी योग्यच केले. मुलाच्या आईवडिलांना बोलावून पायरीवरच्या तीन दिवसांबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. निवेदन घेऊन आलेल्या तरुणांना पंचांनीच, वाचनात आलेला तो सारांश हातात ठेवून, समजावले. सगळे समजले असे नाही.

परिणाम

पंधरा ऑगस्टला मुलगा रांगेत होता. माजी विद्यार्थ्यांच्या गटातून काही जण मुद्दाम पाहायला आले होते. राष्ट्रगीताच्या वेळी ते सावधान उभे राहण्याऐवजी माना वळवून आठवीची रांग न्याहाळत होते, आणि हे ध्वजारोहणाला आलेल्या पाहुण्यांच्याही लक्षात आले. शाळेच्या वार्षिक देणगीतून एका दुकानदाराने नाव काढून घेतले. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, सुटीनंतर विषय गावात मागे पडला. वर्गात मुलाला काही दिवस एका टोपणनावाने हाक मारली जात असे; वर्गशिक्षिकेने ते कसे थांबवले हे मला नीट समजलेले नाही, पण थांबवले.

१९ डिसेंबरला, मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात, त्या वयस्कर सदस्यांना बोलायला उभे केले. त्यांनी इश्कोलांतली सकाळ आणि दार लावलेली मराठी शाळा सांगितली, आणि ऑगस्टमधल्या घटनेबद्दल अवाक्षर काढले नाही. भाषण संपल्यावर शारीरिक शिक्षणाचे शिक्षक त्यांना हात देऊन पायऱ्यांवरून खाली घेऊन आले.

काय वेगळे करता आले असते

पहिली चूक जूनमध्ये झाली. आईने सांगितलेली गोष्ट प्रवेशअर्जाच्या मागे दोन ओळींत नोंदवली असती आणि मुख्याध्यापिकांनी ती शिक्षकांच्या पहिल्या बैठकीत सांगितली असती, तर ऑगस्टमध्ये रांगेतली फट कोणाला नवी वाटली नसती. दुसरी चूक मॉनिटरांना दिलेले काम. वर्षभर शेजारी बसणाऱ्या मुलांना एकमेकांच्या तोंडांवर पहारा करायला लावल्यावर, प्रतिज्ञेतले "प्रत्येकाशी सौजन्याने वागेन" हे वाक्य त्याच मुलांकडून रोज म्हणवून घेणे विचित्र ठरते. बाकाचा निर्णय तर घाईचा होता. समितीतील एकाही सदस्याने उठून वाचनालयाचे दार उघडे आहे का, हे पाहिले नव्हते.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. शाळेने जे केले ते एका पंथाच्या एका मुलासाठी केले. प्रतिज्ञा कुठून आली, हात का पुढे करायचा, राष्ट्रगीत २४ जानेवारी १९५० ला कसे स्वीकारले गेले, हे मुलांना शिकवण्याचा प्रस्ताव इतिहासाच्या शिक्षिकांनी लेखी दिला होता. तो "पुढील बैठकीत" या शेऱ्यासह तीन बैठका पुढे गेला आहे.

पुढच्या जूनमध्ये ती आई धाकट्या मुलीला पाचवीत घालायला आली. या वेळी तिने सोबत स्वतःच्या हस्ताक्षरात अर्ज आणला होता: मुलगी राष्ट्रगीताला आदराने उभी राहील, गाणार नाही. कारकुनाने तो दोनदा वाचला आणि कोणत्या फाईलला लावायचा, असे विचारले. तशी फाईल शाळेत नव्हती. मुख्याध्यापिकांनी थोडा विचार करून तो वैद्यकीय कारणाने कवायतीतून सूट मिळालेल्या मुलांच्या फाईलला लावायला सांगितला, आणि तो अजून तेथेच आहे.